ठेच कोणाला लागली?

पत्र:

मी आमच्या मंडळीत दहा वर्षं संडे स्कूलमध्ये शिकवते. माझ्याबरोबर शिकवणाऱ्या ताई माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या आहेत. मला प्रार्थना करायला त्यांनीच शिकवलं. त्यांच्या मते रविवार हा पूर्ण दिवस प्रभूचा. त्या दिवशी खरेदी नाही, शिकवणी नाही, खेळ नाही. माझी मुलगी पोहते, तिचा सराव रविवारी दुपारी असतो, उपासना संपल्यावर. मला त्यात काही गैर वाटत नाही. यावरून आमची कुरबुर जुनीच आहे, पण ती हसण्यावारी जायची.

दोन महिन्यांपूर्वी वर्गात एका मुलीने विचारलं, "रविवारी खेळलेलं चालतं का?" मी नव्या करारातल्या कलस्सैकरांस पत्राचा दुसरा अध्याय काढून दाखवला आणि सांगितलं, की शब्बाथाचे, म्हणजे जुन्या करारातल्या विश्रांतीच्या दिवसाचे, नियम आपल्याला लागू नाहीत, ज्यांना अजून तसं वाटतं ते जुन्यातच अडकलेत. वर्गात एक अकरा वर्षांचा मुलगा आहे, त्याच्या घरचे फार कडक. हा पुढच्याच रविवारी फुटबॉल खेळायला पळाला, बूट पिशवीत लपवून घरी आला आणि पकडला गेल्यावर "टीचरनीच सांगितलंय" म्हणून मोकळा झाला! ते ताईंच्या कानावर गेलं. त्या मला काही बोलल्या नाहीत. माझ्या मुलीला मात्र म्हणाल्या, "तू रविवारी पाण्यात उतरतेस तेव्हा प्रभूला वाईट वाटतं." तेव्हापासून आमचा अबोला आहे. मागच्या प्रभुभोजनाला भाकरीचं ताट त्यांनी माझ्याकडे न बघता पुढे केलं. पाळक म्हणतात, प्रेमाने मिटवा. कसं मिटवू? शास्त्र माझ्या बाजूने आहे ना? ताईंना ते कसं पटवू? की दुसरी मंडळी बघू?

उत्तर:

प्रिय भगिनी,

तुमच्या प्रश्नांतल्या एकाचं उत्तर आधीच देऊन टाकतो, नाहीतर पुढचं सगळं वाचताना तुमचं मन तिथेच घुटमळत राहील. हो, कलस्सैकरांस पत्रातलं ते वचन मीही तुमच्यासारखंच वाचतो. सण, चंद्रदर्शन, शब्बाथ यांवरून कोणी तुम्हाला दोषी ठरवू नये, असं प्रेषित पौल लिहितो. मला ते पुरेसं स्पष्ट वाटतं.

ताईंना ते स्पष्ट वाटत नाही, आणि याबाबतीत त्या एकट्या नाहीत. लूथरपंथीयांचा 1530 सालचा ऑग्सबर्ग विश्वासांगीकार, म्हणजे त्यांच्या श्रद्धेचं लेखी निवेदन, म्हणतो, की रविवार पाळणं हे शब्बाथाच्या जागी आवश्यक म्हणून नेमलं गेलं असं समजणारे चुकतात. 1646 मध्ये तयार झालेला वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकार म्हणतो, की रविवार हाच ख्रिस्ती शब्बाथ आहे, आणि त्या दिवशी कामधंद्याबरोबर करमणुकीलाही सुट्टी द्यावी. दोन्ही बाजूंची माणसं बायबल उघडून, गुडघे टेकून बसलेली होती. तेव्हा हा वाद तुमच्या संडे स्कूलच्या खोलीत, तोही अबोला धरून, निकालात निघेल असं काही मला वाटत नाही. ताईंना पटवायचा नाद सोडा. कायमचा सोडा असं नाही, पण आत्ता तरी सोडा.

आता रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय. तुम्ही तो शिकवला असणार. त्यात एक गोष्ट आहे जी मला स्वतःला फार उशिरा दिसली. रोमच्या मंडळीत काही जण सगळं खात होते, काही फक्त भाजीपाला खात होते. काही जण एखादा दिवस विशेष मानत होते, काहींना सगळे दिवस सारखे. पौलाचं स्वतःचं मत आहे आणि तो ते लपवत नाही. कोणताही पदार्थ मुळात अशुद्ध नाही अशी आपली खातरी आहे, हे तो सांगून टाकतो. एवढं सांगून तो "म्हणून आता सगळ्यांनी खायला लागा" असं म्हणत नाही. तो दोन्ही गटांना वेगवेगळी आज्ञा करतो. खाणाऱ्याला सांगतो, न खाणाऱ्याला तुच्छ मानू नकोस. न खाणाऱ्याला सांगतो, खाणाऱ्याला दोष लावू नकोस.

एकाच भांडणात दोन निरनिराळी पापं आहेत, आणि ती नेमकी वाटून दिलेली आहेत. ज्याला मोकळीक वाटते तो नाक मुरडतो. ज्याला वाटत नाही तो न्यायाधीश होऊन बसतो. मोकळा माणूस सहसा समोरच्याला पापी म्हणत नाही, तो नुसता हसतो. आणि आपण कोणाला पापी म्हटलं नाही, म्हणजे आपण प्रेमात राहिलो, असं त्याला वाटतं.

तुमच्या पत्रातला एक शब्द मी परत वाचला: "अडकलेत". तुम्ही दहा-बारा वर्षांच्या मुलांसमोर, स्वतःला प्रार्थना शिकवणाऱ्या बाईबद्दल तो वापरलात. नाव घेतलं नसेल. मुलांना नाव लागत नाही.

ताईंची चूक मी झाकत नाही. त्यांना तुमच्याशी बोलायचं होतं ते त्या तुमच्या मुलीशी बोलल्या, आणि प्रभूला काय वाटतं हे स्वतःच ठरवून बोलल्या. हे दोष लावणंच झालं, तेही लहान मुलीवर. पण मला पत्र तुम्ही लिहिलंत, ताईंनी नाही. त्यांचं पत्र येईल तेव्हा त्यांना काय सुनवायचं ते मी बघेन.

आणि आता त्या मुलाकडे या. तुम्ही त्याचा प्रसंग उद्गारचिन्ह देऊन लिहिला आहे, गंमत म्हणून. मला तुमच्या सगळ्या पत्रात तिथे थांबावंसं वाटलं.

या विषयावर बोलताना आपण "ठेच लागणे" हे शब्द फार सैल वापरतो. मंडळीत कोणाला काही आवडलं नाही की तो म्हणतो, मला ठेच लागली. नाही. तो रागावला, किंवा त्याला दुःख झालं. दोन्ही गोष्टींची कदर करावी, पण ती ठेच नव्हे. पौलाच्या लेखी ठेच लागते ती अशा माणसाला, जो दुसऱ्याचं बघून किंवा ऐकून, स्वतःचं मन नको म्हणत असताना तीच गोष्ट करून बसतो. करिंथकरांना तो हेच समजावतो. मूर्तीपुढच्या मांसात काही नसतं हे तुम्हाला ठाऊक आहे. पण ज्याला ते ठाऊक नाही तो तुमचं बघून धीर करतो, खातो, आणि त्याचं मन आतून डागाळतं. गोष्ट मुळात निर्दोष असेल, त्याच्यापुरती ती नसते. संशय धरून खाणारा दोषी ठरतो, असं चौदाव्या अध्यायाच्या शेवटी लिहिलं आहे.

या मापाने बघा, ताईंना ठेच लागलेली नाही. तुमची मुलगी पोहली म्हणून त्या उद्या रविवारी दुकानात जाणार नाहीत. त्यांचे पाय पक्के आहेत. त्या दुखावल्या आहेत, एवढंच. त्यांच्यासाठी मुलीचा सराव बंद करायची गरज मला दिसत नाही.

ठेच लागली ती त्या मुलाला. त्याला खरंच पटलं असतं की रविवारी खेळणं प्रभूला चालतं, तर बूट पिशवीत गेले नसते. त्याला ते पटलेलं नव्हतंच. त्याला खेळायचं होतं, आणि तुम्ही त्याला एक वाक्य दिलंत. ते वाक्य घेऊन तो आपल्या मनाविरुद्ध गेला, आईवडिलांच्या आड गेला, बूट लपवले, आणि शेवटी तुमच्या नावामागे लपला. रविवार पाळणं जरुरीचं नाही असं मानणारे तुम्ही आणि मी. पण आईवडिलांचा मान राखणं जरुरीचं नाही असं तर आपण कोणीच मानत नाही. एका ऐच्छिक गोष्टीतली मोकळीक देताना एका मुलाच्या हातून एक आज्ञा मोडली गेली. हे तुमच्या मनात नव्हतं, ते मला कळतं. पण वर्गात त्याच्या घरचे "फार कडक" आहेत हे तुम्हाला ठाऊक होतं.

स्वातंत्र्याचीही सक्ती होऊ शकते, हे मोकळ्या मताच्या लोकांच्या गावी नसतं. इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाने 1618 मध्ये जाहीरनामा काढला, की रविवारी उपासनेनंतर लोकांनी खुशाल नाचावं, तिरंदाजी करावी, उड्या माराव्यात. ऐकायला छान. त्याच्या मुलाने, पहिल्या चार्ल्सने, 1633 मध्ये तो पुन्हा काढला आणि पाळकांनी तो चर्चमध्ये वाचून दाखवावा असा हुकूम केला. ज्यांच्या विवेकाला ते पटेना त्यांतल्या काहींना आपली जागा गमवावी लागली. दहा वर्षांनी, 1643 मध्ये, पार्लमेंटने त्याच जाहीरनाम्याच्या प्रती जाळायला लावल्या. म्हणजे खेळायची मोकळीक देणाऱ्यांनीही माणसं दुखावली आणि ती काढून घेणाऱ्यांनीही. तुमच्या वर्गात राजा नाही, पण त्या वयाच्या मुलांना शिक्षिकेचा शब्द हुकमासारखाच वाटतो.

पाळक म्हणतात "प्रेमाने मिटवा", त्यावर तुमचा "कसं?" मला आवडला. मला वाटतं, मिटवा हा शब्दच इथे चुकतो. काही वाद मिटत नाहीत, आणि ते न मिटवता एका मेजावर बसता येतं. इ.स. 155 च्या सुमारास स्मुर्णाचा वृद्ध बिशप पॉलीकार्प रोमला गेला. त्याच्या आशिया प्रांतातल्या (आजच्या पश्चिम तुर्कस्तानातल्या) मंडळ्या वल्हांडणाचा सण निसान या यहुदी महिन्याच्या चौदाव्या तारखेला पाळत, वार कोणताही असो. रोमला ते पटत नव्हतं. वाद दिवसाचाच होता, तुमच्यासारखा. रोमचा बिशप अनिसेटस आणि पॉलीकार्प बोलले. पॉलीकार्पला अनिसेटस पटवू शकला नाही, अनिसेटसला पॉलीकार्प पटवू शकला नाही. बिशप आयरेनियसने हे पुढे एका पत्रात लिहिलं आणि युसेबियसने लिहिलेल्या मंडळीच्या इतिहासात ते टिकलं. न पटल्यावर अनिसेटसने काय केलं? आपल्या मंडळीत प्रभुभोजन चालवण्याचा मान त्याने पॉलीकार्पला दिला. दोघे शांतीने वेगळे झाले, दोघांनी आपापला दिवस पाळला.

तुम्ही ताटाबद्दल लिहिलं आहे म्हणून ही गोष्ट सांगितली. ताईंनी तुमच्याकडे बघितलं नाही हे तुम्हाला लागलं, ते साहजिक आहे. पण तुम्ही त्यांच्याकडे बघत होता का, की ताटाकडे?

माझंही एक सांगतो, कारण मी हे सगळं फार शहाणपणाने लिहितोय असा तुमचा समज व्हायला नको. आमच्या मंडळीत पूर्वी प्रभुभोजनाला एकच प्याला फिरत असे. तो बंद करून छोटे वेगवेगळे पेले आणावेत, या बाजूचा मी. आजारपणं पसरतात, हा माझा मुद्दा, आणि तो काही चुकीचा नव्हता. बैठकीत मी बोललो, चांगलं बोललो, मतं माझ्या बाजूने पडली. आमच्यातले एक म्हातारे गृहस्थ वर्षानुवर्षं तो प्याला धुऊन पुसून ठेवत. बैठकीत ते एकदाच बोलले, की एका प्याल्यातून घेतो तेव्हा आपण एक आहोत असं वाटतं. मी त्यावर काहीतरी टोला मारला. लोक हसले. पेल्यांचं तबक पहिल्यांदा फिरलं त्या दिवशी ते त्यांच्या हातात आलं, त्यांनी ते पुढच्याला दिलं, स्वतः पेला उचलला नाही, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले. पेले आजही तेच आहेत आणि मी आजही पेल्यांच्याच बाजूचा आहे. तो टोला मात्र मला परत घेता आला नाही, कारण मी "थोडे दिवस जाऊ देत" म्हणत राहिलो आणि तेवढे दिवस त्यांच्याकडे नव्हते.

एक गोष्ट वेगळी काढून ठेवतो. ताई उद्या म्हणाल्या, की रविवारी पोहणाऱ्यांनी प्रभुभोजन घेऊ नये किंवा त्यांचं तारणच खरं नाही, तर मग हा मताचा प्रश्न राहत नाही. पौलाने आपल्या तीमथ्य या सोबत्याची सुंता केली, लोकांना अडचण नको म्हणून. आणि तीत या दुसऱ्या सोबत्याची होऊ दिली नाही, कारण तिथे ती अट म्हणून लादली जात होती. गोष्ट एकच, एकदा वाकला, एकदा अजिबात वाकला नाही. पण तुमच्या पत्रावरून तरी ताई तिथे पोचलेल्या नाहीत. तुम्ही त्यांना ढकलत तिथे नेऊ नका.

आता काय करायचं.

आधी त्या मुलाच्या घरी जा. ताईंकडे नंतर. त्याच्या आईवडिलांसमोर त्याला सांगा, की तुझ्या घरच्या नियमाबद्दल बोलायचा मला अधिकार नव्हता, आणि मी ज्या शब्दांत बोलले ते चुकलं. त्याला रागावू नका. त्याने तुमचं नाव पुढे केलं याचाही उल्लेख नको, ते खरंच होतं. तुमचं मत काय आहे ते त्यांनी विचारलं तर सांगा. नाही विचारलं तर राहू द्या.

वर्गात हा विषय पुन्हा निघणारच. निघाला की दोन्ही बाजू सांगा, आणि ताईंची बाजू अशी सांगा की त्या खोलीत असत्या तर त्यांनी मान डोलावली असती. हे जमवायला त्यांची बाजू तुम्हाला नीट माहीत हवी. इतक्या वर्षांत तुम्ही त्यांना कधी विचारलं आहे का, की रविवार त्यांना एवढा जवळचा का? पत्रात त्यांचे नियम आहेत, कारण कुठेच नाही. पौल म्हणतो, दिवस पाळणारा प्रभूकरता पाळतो. तुम्ही ताईंचं "पाळणं" बघितलंत, "प्रभूकरता" बघायचं राहून गेलं असं मला वाटतं.

रविवार कडक पाळणाऱ्या माणसांविषयी आपल्या मनात एक ठरलेलं चित्र असतं, म्हणून धावपटू एरिक लिडेल यांची आठवण देतो. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 100 मीटरच्या फेऱ्या रविवारी होत्या, म्हणून ते त्यात उतरले नाहीत. 400 मीटर धावले आणि सुवर्णपदक मिळवलं. ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पुढची कमी जणांना माहीत असते. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी त्यांना चीनमधल्या वेइशियन इथल्या छावणीत ठेवलं होतं. तिथली मुलं रविवारी आपली आपणच खेळायला लागली आणि मारामारीवर आली, तेव्हा त्या मुलांसाठी लिडेल रविवारी मैदानात उतरले, पंच म्हणून. पदकासाठी न मोडलेला रविवार त्यांनी मुलांसाठी मोडला. फेब्रुवारी 1945 मध्ये ते त्याच छावणीत वारले. कडक माणसाच्या आत काय असतं ते बाहेरून सांगता येत नाही. ताईंच्या आत काय आहे ते मला माहीत नाही, आणि सध्या तुम्हालाही नाही.

ताईंकडे जाल तेव्हा माफी एकाच गोष्टीची मागा: "मुलांसमोर मी तुमच्याबद्दल अडकलेत म्हणाले, ते मी म्हणायला नको होतं." मताची माफी मागू नका, ती खोटी ठरेल आणि त्यांना लगेच कळेल. या वाक्यानंतर "पण" आला तर तोंड मिटून घ्या. मुलीला त्या जे बोलल्या त्याचा विषय त्याच बैठकीत काढू नका. तुम्हाला तो काढायचा हक्क आहे, म्हणूनच सांगतो. दुसऱ्या दिवशी, वेगळं जाऊन, साध्या शब्दांत सांगा, की माझ्या निर्णयाबद्दल मला बोला, तिला नको. मुलीशी मात्र आजच बोला. ताईंना तसं वाटतं, आई-बाबांना तसं वाटत नाही, आणि ताईंचं तिच्यावर प्रेम आहे, ही तिन्ही वाक्यं एका दमात तिला ऐकू द्या.

दुसरी मंडळी बघायचा विचार मी टाळला नाही, तो मला फारसा महत्त्वाचा वाटला नाही. नव्या मंडळीतही कोणाला तरी काहीतरी चालत नसेलच. फक्त तिने तुम्हाला प्रार्थना शिकवलेली नसेल, म्हणून तिच्याशी न बोलणं सोपं जाईल.

ताईंकडे रविवारी दुपारीच जा. मुलीचा सराव त्या दिवशी बुडला तर बुडू द्या. त्या दिवशी ताई दुसरं काही काम काढणार नाहीत, घरीच असतील, आणि बसायला त्यांच्याकडे वेळ भरपूर असेल.